वायफायला ओळख लागते

आमच्या नगर वाचनालयाचं वायफाय पासवर्ड मागत नाही, ओळखीचा माणूस मागतं. पूर्वी पासवर्ड होता. पण तो भेळवाल्यालाही ठाऊक झाला, तेव्हा कमिटीने ठराव केला. आता नेट हवं असेल, तर वायफायच्या ओळखीतल्या कुणीतरी भिंतीवरच्या डब्यासमोर उभं राहून तुमचं नाव घ्यायचं. वशिल्याशिवाय या गावात पान हलत नाही, तिथे नेटने का हलावं?

हेमलता पेडणेकर पावणेपाचला धापा टाकत आली. मुलींच्या वसतिगृहात मुख्य स्वयंपाकिणीची कायम नोकरी निघाली होती आणि ऑनलाइन अर्जाची मुदत पाचला संपत होती. गावात दुसरं नेट नव्हतं.

"आपल्याला कोण ओळखतं?" डब्याने विचारलं.

हेमलताला हायसं वाटलं. वाचनालयाचे अध्यक्ष नानासाहेब रेगे समोरच पेपर वाचत बसले होते, आणि त्यांच्याकडे ती अकरा वर्षं दोन्ही वेळचा स्वयंपाक करत होती.

"साहेब, जरा ओळख द्या ना."

नानासाहेब लगेच उठले. उदारपणा फुकटचा असला की त्यांना फार शोभतो. "अरे, या आमच्या घरच्याच! यांच्या हातचं खतखतं एकदा खाऊन बघ."

"नाव?" डबा म्हणाला.

"मावशी."

"पूर्ण नाव."

नानासाहेबांनी चष्मा पुसला. छताकडे पाहिलं. अकरा वर्षं गृहस्थ बोटं चाटूनपुसून जेवले, पण नाव काही आठवेना. आठवणार कुठून? कधी विचारलं असेल तर ना! "अहो मावशी, सांगा की तुमचं नाव."

"अर्जदाराने सुचवलेलं उत्तर ग्राह्य नाही," डबा म्हणाला. "पुन्हा प्रयत्न करा."

नानासाहेबांनी सुमन, शालन आणि मंदा अशी तीन नावं घेऊन पाहिली. तेवढ्यात पाच वाजले. हेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं ते.

"अध्यक्षांची वार्षिक फेरओळखही आजच आहे," डबा म्हणाला. "ती हजर असलेल्या कुणीही द्यावी, असा ठराव आहे. बाई, आपण यांना ओळखता?"

त्यांना कोणत्या डाळीने गॅस होतो, सुनेपासून लपवून ते फरसाण कुठे ठेवतात, सगळं तिला पाठ होतं.

"नाही बाई," हेमलता म्हणाली. "कोण हे?"

डब्याने नियमाप्रमाणे अध्यक्षांचं नेट तोडलं. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. ठराव नानासाहेबांनीच मांडला होता.

हेमलता पायऱ्या उतरू लागली, तसे ते मागून घाईघाईने आले. "मावशी, संध्याकाळी स्वयंपाकाला येताय ना?"

"कुणाकडे?" तिने विचारलं.