दादाच्या दहाव्याला नेट गेलं

जळकी मोटार माझ्या पुढ्यात आली आन् फिरल्याबिगर परत गेली, असं आजवर झालंच न्हाय! आमच्या तेरमधी कुणालाबी इचारा. "मोटार कुणाकडं भरावी?" म्हणलं की समदे एकच नाव घेत्यात, उत्तरेश्वर. शाळा चौथीत सुटली, पर तांब्याच्या तारंनं मला कधी दगा दिला न्हाय. मग कंप्युटर म्हंजी काय मोठं लागून गेलं? वायर आत जाती, वायर भाईर येती. मोटार तरी गरागरा फिरती. ह्यो तर जागचा हालतबी न्हाय! असल्या बसक्या जनावराला काय भ्यायचं?

असं म्या बोललो. आन् कुठं बोललो? थोरल्या भावाच्या दहाव्याला, तेरणेच्या काठावर, समद्या भावकीच्या म्होरं!

त्याचं असं झालं. आमचा बलभीमदादा गेला. दवाखान्यातनं बरा हून घरी आला, "सकाळी उठून बगू" म्हणून झोपला, ते उठलाच न्हाय. दहाव्याला त्याच्या पोरानं, युवराजनं, डोस्कं भादरून नदीवर पिंड मांडले. आमी समदे मागं सरलो आन् कावळ्याची वाट बघाय लागलो.

कावळे न्हवते असं न्हाय. समोरच्या बाभळीवर दाटीवाटीनं बसले व्हते. पर खाली कोण येतंय? वरनं आमच्याकडंच बघत व्हते, तालुक्याच्या हापिसात सायेब खेटे घालणाऱ्याकडं बघतो तसे!

मग सुरू झालं हात जोडणं. कुणी म्हणालं, "बलभीमअण्णा, तुमच्या गाईला कसायाला देणार न्हाय." कावळा ढिम्म. कुणी तंबाकूची पुडी नेऊन ठेवली. कावळा ढिम्म. शेवटाला माणिकप्पा म्होरं झाला. त्याचं आन् दादाचं बांधावरनं जल्मभर वाकडं. डोळं पुसत म्हणाला, "बलभीम, जा बाबा सुखानं. त्यो बांध तुजा!"

समदे गहिवरले. कावळ्यानं नुसती चोच पुसली.

माणिकप्पानं जरा येळ वाट बघितली, मग टोपी घालत म्हणाला, "न्हाय ना येत? मग बांध माजाच!"

गोपाळकृष्ण गुरुजी म्हणाले, "ऊन वाढतंय. दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात तशी सोय आहे."

युवराजनं घरी आईला फोन लावला. आमची कमलवहिनी. फोनमधनं आवाज आला, "गवताचा कावळा? गवताच्या माणसाशी संसार केला व्हता का म्या? खरा कावळा शिवंल तवाच पाण्याचा घोट घीन!"

आन् फोन ठिवला.

आता खरी गोम हितं हाय बगा. वहिनीला शुगर. सकाळधरनं पोटात अन्नाचा कण न्हाय, पाणी न्हाय, आन् ऊन असलं की दगडाला घाम फुटावा. युवराजची पोरगी हर्षाली रडवेली झाली. "तात्याआबा, आज्जी पडंल हो. आबा गेले, आता आज्जीबी..."

मला गलबलून आलं. एका दहाव्यातनं दुसरा दहावा निघायचा!

तवा युवराज म्हणाला, "तात्या, मला ठाव हाय त्यांचं कशात आडकलंय. हर्षीची म्याच."

हर्षाली खो-खो खेळती. राज्याच्या फायनलला खेळली तवा दादा दवाखान्यात. म्याच नंतर इंटरनेटवर आली. युवराजनं मोबाईलवर दाखवाय घेतली, तर दादा म्हणाला, "ह्यात पोरगी हाय का मुंगी? घरी गेल्यावर कंप्युटरवर लाव." घरी आला त्या राती म्हणाला, "सकाळी उठून बगू." ती सकाळ त्याला घावलीच न्हाय.

"मग दाखव की आता!" म्या म्हणलं.

हर्षालीनं मोबाईलवर म्याच लावली, आवाज फुल केला, आन् मोबाईल वर धरून बाभळीखाली हुबी ऱ्हायली. त्यातल्या पंचानं जी शिट्टी मारली! समदे कावळे भर्रकन उडाले ते पार नदीपल्याड. आता शिवायला कावळाच न्हाय!

"मोबाईल नकोच," युवराज म्हणाला. "कंप्युटरवरच लावाय पायजे. पर त्याचं नेट बंद हाय चार रोज. आन् मला हितनं हालता येत न्हाय."

"मी जाते," हर्षाली म्हणाली.

"तू थांब! तू दिसलीस तर कावळा माघारी यील." आन् मग म्या ती छाती ठोकली, ते बसक्या जनावराचं समदं बोललो, आन् गाडीला किक मारली.

घरी वहिनी उंबऱ्याला टेकून बसलेली. व्हट सुकून पापडी धरलेली.

"शिवला का?"

"आत्ता शिवतो. आधी म्याच लावतो."

वहिनी म्हणाली, "लावा भावजी. लई बघायची व्हती त्यांना."

कंप्युटर चालू केला. चालू झाला बेटा! त्यात नेट बघायची तीन चित्रं. एक रंगीत चकलीसारखं, एक निळं, एक कोल्ह्याचं. चकली दाबली. मोठं पांढरं पान आलं, त्यावर विंग्रजीत दोन वळी. निळं दाबलं. तेच. कोल्हा दाबला. कोल्हाबी तसलाच निघाला!

वायफायच्या डब्याचे दिवे तर कसे लुकलुकतेत! म्हंजी लाईन हाय. मग आपला अनुभव कामाला आला. मोटार नखरे कराय लागली की पयलं काय करायचं? अर्थिंग बघायचं! परसात गेलो, अर्थिंगच्या खड्ड्यात मूठभर मीठ टाकलं आन् बादलीभर पाणी वतलं.

उंबऱ्यावरनं वहिनी बघत व्हती.

"भावजी, घरात माणूस तहानलंय, आन् तुम्ही खड्ड्याला पाणी पाजाय लागला व्हय?"

"अर्थिंग हाय वहिनी."

"पाजा पाजा. कुणाचा तरी आत्मा थंड हूं द्या."

परत चकली दाबली. पांढरं पान. मग म्या कंप्युटरचं पोट उघडलं आन् सायकलच्या पंपानं हवा मारली. आतनं इतकी धूळ निघाली की वहिनीला ठसका लागला. ठसका लागलं की माणूस पाणी पितं का न्हाय? म्या पटकन तांब्या म्होरं केला. तिनं त्यो तळहातानं बाजूला सारला. डोळ्यातनं पाणी वाहतंय, पर तोंडात थेंब घेईना! म्या घाबरलो. आवाजबी बारीक झाला व्हता तिचा.

युवराजला फोन लावला. "आरं, ही पाटी काय म्हणती बघ." आन् एकेक अक्षर वाचून दावलं. मोटारीच्या पाट्या वाचून येवढी एबीसीडी येती आपल्याला.

युवराज म्हणाला, "तात्या, घड्याळ पुढं गेलंय म्हणतंय. ते मागं घ्या, नेट यील."

म्या वर बघितलं. आन् खरंच! भिताडावरचं घड्याळ पुढंच व्हतं! धाराशिवची यष्टी चुकू ने म्हणून दादा मुद्दाम पुढं लावून ठिवायचा. म्हणलं, वा रं कंप्युटर! भिताडाकडं पाठ करून बसतोस, तरी तुला कळलं! स्टूल घेऊन वर चढलो.

"त्याला हात लावू नका," वहिनी म्हणाली. "त्यांनी लावल्यालं हाय."

"पोरगं सांगतंय वहिनी. त्याबिगर नेट येत न्हाय."

तिनं तोंड फिरवलं. म्या काटा मागं घेतला. लई वंगाळ वाटलं, खरं सांगतो. दादाच्या मनगटाला धरून मागं वढल्यासारखं वाटलं.

कंप्युटर? पांढरं पान!

परत फोन. "घेतलं मागं, तरी बी न्हाय!"

"मग त्याचा सेल गेला आसंल. सेल बदलून बघा तात्या."

बदलला! घरातल्या बॅटरीतला सेल काढून घातला. त्यो कवाचा मेलेला निघाला. जे घड्याळ टिकटिक करत व्हतं तेबी बंद पडलं.

वहिनी खाली बसूनच म्हणाली, "माणूस गेलं. नेट गेलं. आता घड्याळबी घालवलंत. अजून काय ऱ्हायलंय, का निघायचं म्याबी?"

म्या स्टुलावरच बसलो. तेवढ्यात दारात गुरुजींची स्कूटर वाजली. त्यांना दुसरीकडं जायची घाई. वहिनीला दर्भासाठी मनवायला आले व्हते.

"कमलबाई, हट्ट सोडा. बलभीमरावांना असं आवडलं नसतं," म्हणत ते खुर्चीवर टेकले. खुर्ची कंप्युटरम्होरंच व्हती. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं आन् चष्मा वर सारला. "अरेच्चा! हे अजून पुढच्या वर्षातच आहे का?"

"म्हंजी?"

"चार दिवसांपूर्वी घरच्यांनी वर्षश्राद्धाची तिथी विचारली होती ना? यात पंचांग आहे, पण ते फक्त आजच्या दिवसाची तिथी दाखवतं. म्हणून मी याची तारीखच एक वर्ष पुढे नेली. तिथी मिळाली, पण तारीख मागे आणायची राहिली बघा."

म्या गुरुजीकडं बघितलं. भिताडावरच्या मेलेल्या घड्याळाकडं बघितलं. समदा उजेड पडला! पोरगं सांगत व्हतं ते घड्याळ कंप्युटरच्या आतलं! चकली, निळं, कोल्हा, समदे ब्राऊझरवाले बिचारे म्हणत व्हते, ह्यो गडी एक वरीस पुढचा बोलतोय, ह्याचा कसा भरवसा धरावा!

"म्हंजी गुरुजी, कंप्युटरच्या हिशोबानं दादाला जाऊन वरीस झालं?"

"तसंच म्हणायचं."

उंबऱ्यावरनं आवाज आला, "वरीस झालं, तरी कावळा शिवला न्हाय मेला!"

गुरुजींनी तारीख मागं आणली. चकली दाबली. नेट आलं! अर्थिंगचा गुण म्हणावा तर म्हणता येईना.

म्या म्याच लावली. वहिनी भिताडाला धरून उठली, हार घातलेला दादाचा फोटू खाली घेतला, गुरुजींना खुर्चीवरनं उठवलं, आन् फोटू तिथं बसवला. सोता खाली बसली.

"बघा," फोटूला म्हणाली. "ती निळ्या चड्डीतली. मुंगी न्हाय, तुमची नात हाय."

हर्षाली मैदानात आली. काय पळती पोरगी! मागं लागणारीला हिकडनं हुलकावणी, तिकडनं हुलकावणी. हात लागला म्हणस्तोवर खांबाला वळसा घालून पल्याड! गुरुजी दुसरीकडचं समदं इसरून "पळ! पळ!" वरडाय लागले. म्या स्टूल बडवत व्हतो. सुतकातलं घर हाय, ह्याचं भान कुणाला? वहिनी तेवढी गप. पोरगी वाचली की दर येळी फोटूचा हार नीट करायची.

जिंकल्या पोरी. वहिनीनं पदर डोळ्याला लावला. "जावा आता नदीवर. आता आसंल आला कावळा."

म्या आन् गुरुजी सुसाट सुटलो. नदीवर भावकी लांब लिंबाखाली आडवी झालेली. हर्षाली बापाच्या मांडीवर डोस्कं ठिवून झोपलेली. युवराजचा डोळा लागलेला. आन् पिंडापाशी?

पिंडापाशी काळं कुत्रं! पत्रावळ चाटून पुसून लख्ख! माझ्याकडं बघून त्यानं शेपूट हालवली, मस्तपैकी आळस दिला, आन् निघून गेलं.

"गुरुजी!"

गुरुजी आभाळाकडं बघत म्हणाले, "माझा चष्मा तुमच्याकडेच राहिला हो. मला काही दिसलं नाही."

चष्मा त्यांच्या नाकावर व्हता.

युवराज जागा झाला. त्यानं रिकामी पत्रावळ बघितली, माझ्याकडं बघितलं. "तात्या, आईला तुम्हीच सांगा. तुम्ही बोलाय कडक हाय."

असं कुत्र्यानं खाल्लं तर लोक नवं पिंड मांडून परत वाट बघत्यात. पर वहिनीचं काय? तेवढ्यात गेली तर? म्या एकटाच माघारी आलो. वहिनी उंबऱ्यावर. अंगात बळ न्हाय, पर नजर माझ्यावरच.

"शिवला का?"

"शिवला वहिनी!"

"एकटाच व्हता?"

"एकटाच."

"कसा व्हता?"

"काळा. एकदम काळाकुळकुळीत. समदं खाल्लं बगा, शीतसुदीक ठिवलं न्हाय! आन् जाताना माझ्याकडं बघून अशी झकास शेपूट हालवली..."

तोंडातनं गेलं ते गेलं.

वहिनी माझ्याकडं बघत ऱ्हायली. मग तिनं सावकाश इचारलं, "भुंकला का?"

म्या खाली बघितलं. "न्हाय. गप गुमान खाल्लं."

"मग त्येच व्हते," ती म्हणाली. "जल्मभर जेवताना तोंडातनं शब्द काढला न्हाय. भाजी चांगली झाली का वाईट, कधी कळलं न्हाय मला."

आन् तिनं तांब्या उचलून तोंडाला लावला. गटागटा समदा रिकामा केला!

माझा जीव भांड्यात पडला. ऊन, धूळ, पळापळ, माझ्याबी घशाला कोरड पडल्याली. म्हणलं, "वहिनी, मलाबी घोटभर द्या की."

रिकामा तांब्या खाली ठिवत ती म्हणाली, "तुमचं तुम्ही घ्या भावजी. लबाड बोलून घसा वाळलाय, त्याला म्या काय करू?"