जीरावनची विभागीय जांच

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोघेसाहेबांनी एका सोमवारी सकाळी स्वतःच्या कुत्र्याला ‘कारण बताओ नोटीस’ दिली. थट्टेत नाही हं. पांढऱ्या फुलस्केपवर, डाव्या बाजूला समास सोडून, वर जावक क्रमांक घालून. ‘आप प्रतिदिन रात्रि लगभग ढाई बजे अकारण भौंककर परिवार की निद्रा में बाधा उत्पन्न करते हैं. क्यों न आपके विरुद्ध अनुशासनात्मक कार्यवाही की जाए?’ उत्तराला मुदत सात दिवस. नोटीस मिळाल्याची पोच हवी म्हणून साहेबांनी कुत्र्याचा पुढचा उजवा पंजा जांभळ्या स्टॅम्पपॅडवर टेकवला, कार्यालयीन प्रतीवर ठसा उमटवला आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी शाळेला निघाले होते, हातात डबा होता. साहेबांशी वाद घालत बसले असते तर पहिला तास बुडाला असता, म्हणून निमूटपणे सही केली.

मोघेसाहेब सरकारी नोकरीतून जांच अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कुठल्या कर्मचाऱ्याने काही केलं, किंवा केलं नाही, की त्याची विभागीय जांच साहेबांकडे यायची. नोकरी सुटली तरी जांच सुटली नाही. लग्नात जिलबी गार निघाली तर ते मला कोपराने ढोसून म्हणणार, ‘‘मॅडमजी, रिकॉर्डवर घ्या.’’ त्यांच्या बायकोने, शरयूवहिनींनी, भाजीत मीठ जास्त झालं का विचारलं तर, ‘‘दोन्ही पक्ष ऐकल्याशिवाय मी काही बोलणार नाही.’’ कचऱ्याची गाडी आली की ओला आणि सुका कचरा दोन्ही हातांत घेऊन असे उभे राहतात की गाडीवाल्याला पुरावे सादर करतायत असं वाटावं. कानाला मशीन आहे, पण ते फक्त दिवसा. रात्री मशीन डबीत जातं आणि साहेब जगापासून मोकळे होतात.

कुत्र्याचं नाव जीरावन. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, जीरावन म्हणजे आम्ही पोह्यांवर भुरभुरवतो तो मसाला, तपकिरी, मधूनमधून काळपट. या पिल्लाचा रंग हुबेहूब तोच होता. रस्त्यावरून उचलून आणलं तेव्हा शरयूवहिनींनीच नाव ठेवलं आणि लाडाने त्याचं जीरू झालं. पाच वर्षं या जीरूने कुणाचं वाकडं केलं नाही. दिवसभर गॅलरीत लोळायचं, संध्याकाळी चक्कर मारायची, रात्री नऊला हॉलमधल्या गोधडीवर आडवं व्हायचं ते थेट सकाळी उठायचं.

मग गेल्या हिवाळ्यात वहिनींना हार्टचा त्रास झाला. रात्रीच त्यांना घेऊन आम्ही हॉस्पिटलात गेलो, दोन स्टेंट पडले. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, गोळ्या वेळेवर घ्या आणि झोप पूर्ण झाली पाहिजे. वहिनी घरी आल्या आणि पंधरा दिवसांत जीरूला ही खोड लागली. रात्री अडीच वाजले की तीन वेळा भुंकायचं. वहिनी दचकून उठायच्या आणि ओरडायच्या, ‘‘मेल्या जीरू! चुप बैस!’’ ते खाली आमच्या खोलीत स्वच्छ ऐकू यायचं. वहिनींचा आवाज मूळचाच खणखणीत, मशीनशिवायही पोचेल असा. हार्टचा त्याच्यावर काही परिणाम झाला नव्हता.

उपाय पुष्कळ झाले. इमारतीत सल्ला द्यायला कुणालाच पैसे पडत नाहीत. कुणी म्हणालं, झोपताना कोमट दूध द्या. दिलं. कुणी म्हणालं, दमवा त्याला. साहेबांनी विजय नगरच्या गल्ल्यांतून त्याला दोन-दोन फेऱ्या मारायला लावल्या. जीरू मेल्यासारखा झोपला, आणि अडीच वाजता भुंकला. वहिनींनी खजरान्याच्या गणपतीला लाडू बोलले. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, प्रकृती ठणठणीत आहे, फक्त वजन वाढलंय, रात्री याला काही खायला देता का? तेव्हा साहेब म्हणाले, ‘‘मामला विचाराधीन आहे, मी टिप्पणी करणार नाही.’’

शेवटी वहिनींचा धीर सुटला. देपालपुरला त्यांच्या भावाची शेती आहे, लसूण, सोयाबीन, राखणीला कुत्रं हवंच असतं. ‘‘मीना, मला काय हौस आहे का गं?’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘पण माझी नींद होत नाही आणि हे बिचारे रोज उठून त्याला गप्प करत बसतात. यांचंही वय झालं. जाऊ दे त्याला गावाकडे, तिथे भुंकेल दिलखुलास.’’ एवढं बोलून डोळ्याला पदर लावला. हे रविवारी. आणि सोमवारी सकाळी साहेबांनी नोटीस काढली.

तिथून पुढे दर रविवारी सकाळी पेशी, म्हणजे सुनावणी. स्थळ, मोघ्यांचा हॉल. साहेब आरामखुर्चीत, मांडीवर फाइल. मी वेताच्या मोड्यावर. वहिनी पोहे करायच्या, साहेब कोपऱ्यावरून गरम जिलबी आणायचे, आणि आरोपी सोफ्याखाली बसून वरून सांडणाऱ्या शेवेची वाट बघायचा. पहिल्या पेशीत आरोपीने खुलासा दिलेला नाही याची नोंद झाली. मौन म्हणजे कबुली मानायची का, यावर विचार करायला साहेबांनी एक आठवडा घेतला. दुसऱ्या पेशीला इमारतीच्या चौकीदाराला बोलावलं. तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, ‘‘साब, मैंने तो कुछ नहीं सुना, रात को तो मैं सोता हूँ,’’ आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन हात जोडू लागला. साहेब म्हणाले, ‘‘अब तो रिकॉर्ड पे आ गया, भिया.’’ तिसऱ्या पेशीला आरोपीला बचाव सहायक द्यायचा ठरला. वहिनींनी माझं नाव सुचवलं. पण मी नोटिशीवर साक्षीदार, मग साक्षीदार आणि बचाव सहायक एकच माणूस कसा? या मुद्द्यावर चौथा रविवार गेला.

‘‘अहो, काय करून राहिले तुम्ही?’’ वहिनी कढई घेऊनच बाहेर आल्या. ‘‘सीधी सी बात आहे. भाऊला फोन करते, तो येऊन घेऊन जाईल.’’

‘‘असं करता येत नाही, शरयू,’’ साहेब फाइलवरून मान न उचलता म्हणाले. ‘‘जांच चालू आहे तोवर तबादला होत नाही. नियम आहे.’’

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. या गृहस्थाला जांच संपवायचीच नव्हती. बायकोशी भांडायची हिंमत नाही म्हणून कुत्र्याची बदली अडवायला त्याने सगळी सरकारी विद्या पणाला लावली होती. मला हसू आलं, आणि साहेब जरा आवडलेही. चला, कुत्र्यावर जीव आहे म्हातारबुवांचा, असं म्हणून मी आणखी थोडे पोहे घेतले.

पण त्याच सुमारास माझ्याकडे परीक्षेचे पेपर तपासायला आले. नववीचं गणित दिवसा तपासवत नाही, त्याला शांतता लागते, म्हणून मी रात्री उशिरापर्यंत जागी असायची. आमची पलंगाची खोली त्यांच्या पलंगाच्या खोलीखाली, हॉल हॉलखाली. एका रात्री वर चपला वाजल्या. पलंगापासून खिडकीकडे, खिडकीपासून परत पलंगाकडे. तिथे बराच वेळ थांबल्या. मग हळूहळू हॉलकडे. मग जीरू भुंकला. मग ‘‘मेल्या जीरू!’’ आणि मग चपला परत पलंगाकडे, या वेळी झपझप. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री मी पेन खाली ठेवून ऐकत बसले. आधी चपला, मग कुत्रा. क्रम एकदाही बदलला नाही.

पुढच्या रविवारी माझी साक्ष झाली.

‘‘भुंकणं ऐकलंत?’’

‘‘ऐकलं.’’

‘‘त्यात दुर्भावना होती?’’

‘‘काय?’’

‘‘म्हणजे त्रास देण्याचा इरादा. आवाजावरून कळतं.’’

‘‘इरादा कसला, साहेब? मला तर त्याचा आवाज झोपेतून उठवल्यासारखा वाटतो.’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मशीन नीट बसवलं, फाइल बंद केली आणि म्हणाले, ‘‘आजच्यापुरतं एवढंच. मॅडमजींना शाळेचं काम असेल.’’ रविवारी मला शाळेचं कसलं काम? आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, ज्या प्रश्नाचं उत्तर नको तो प्रश्न विचारायचाच नाही. मला रागच आला. स्वतः उठून कुत्र्याला डिवचायचं, आजारी बायकोची झोप मोडायची आणि वर मुक्या जनावरावर जांच बसवायची, ही कुठली रीत? पण नवरा-बायकोच्या मध्ये पडायला जीभ रेटली नाही. 

वहिनी मात्र गप्प राहिल्या नाहीत. माझ्या साक्षीनंतरच्या तिसऱ्या रविवारी पेशीच्या वेळेला खाली पिकअप उभी. देपालपुरचे भाऊ वर आले, साहेबांना नमस्कार केला, ‘‘कसे आहात जीजाजी?’’ म्हणाले आणि सरळ जीरूची गोधडी गुंडाळायला लागले. वहिनींनी त्याची वाटी धुऊन पिशवीत घातली. त्या रडत होत्या आणि कामही करत होत्या.

‘‘जांच पेंडिंग आहे,’’ साहेब म्हणाले.

‘‘खड्ड्यात गेली तुमची जांच!’’

‘‘शरयू, दोन्ही पक्ष...’’

‘‘कुठले दोन पक्ष? तीन महिने झाले, मी एक रात्र सलग झोपले नाही. परवा डॉक्टर मला रागावले. मी मरू का त्या कुत्र्यापायी?’’

‘मरू’ हा शब्द ऐकल्यावर साहेब खुर्चीत बसले. भाऊंनी जीरूच्या गळ्यात साखळी अडकवली. जीरूला वाटलं, चक्कर मारायला चाललोय. तो शेपटी हलवत दारापर्यंत गेला आणि साहेब अजून कसे उठत नाहीत म्हणून मागे वळून बघत राहिला. मला ते बघवेना.

‘‘साहेब,’’ मी म्हणाले, ‘‘तुम्ही मला एक प्रश्न विचारलाच नाही. भुंकण्याच्या आधी काय ऐकू येतं ते.’’

साहेबांनी हात वर केला. ‘‘राहू द्या, मॅडमजी. ते मी सांगतो.’’ मग वहिनींकडे न बघता, आपल्याच चपलांकडे बघत म्हणाले, ‘‘जीरूची काही गलती नाही. तो झोपलेला असतो. मी त्याला उठवतो. पायाने हलवतो, चहातल्या तोसचा तुकडा दाखवतो, मग तो भुंकतो.’’

 भाऊंच्या हातातली गोधडी हातातच राहिली.

‘‘तुम्ही?’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘कशासाठी पण?’’

‘‘तू भिंतीकडे तोंड करून झोपतेस. अंधारात काही दिसत नाही. मशीन लावून बघितलं, तर पंखा ऐकू येतो, फ्रिज ऐकू येतो, तुझा श्वास तेवढा येत नाही. एकदा नाकाखाली बोट धरलं तर तू चोर समजून किंचाळलीस.’’

‘‘ते तुम्ही होतात?’’

‘‘हो. मग जीरूला उठवायला लागलो. तो भुंकला की तू त्याला शिव्या देतेस. ते ऐकलं की मला झोप लागते. नाही तर लागतच नाही गं. तुझी झोप मोडते हे कळत होतं मला. रोज ठरवायचो, आजच्यानंतर नाही. अडीच वाजले की राहवत नव्हतं.’’

वहिनी धुतलेली वाटी हातात घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. राग आणि रडू दोन्ही एकदम आल्याने त्यांना धड काहीच करता येईना. ‘‘अहो, मग त्या मुक्या जिवाला कशाला? मला हाक मारायची! सरळ हाक मारायची, शरयू म्हणून!’’



‘‘हार्टच्या त्या रात्री तू मला तीन हाका मारल्यास, तूच नंतर सांगितलंस,’’ साहेब म्हणाले. ‘‘मशीन डबीत होतं. मी घोरत होतो. शेवटी तू जमिनीवर तांब्या आपटलास आणि खालून मॅडमजी धावत आल्या, तेव्हा मला जाग आली. मी ओ दिली नाही, शरयू. आता मी हाक मारली आणि तू ओ दिली नाहीस, तर मी काय करू?’’

तो तांब्या मला आठवतो. आम्ही धावत वर गेलो तेव्हा साहेब दार उघडायला बनियनवर आले होते आणि सारखे विचारत होते, काय झालं, काय झालं? नंतर त्या रात्रीबद्दल एक अक्षरही ते कुणाशी बोलले नव्हते, आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. सात-आठ रविवार मी यांचे पोहे खाऊन यांना हसत होते. माझी मलाच लाज वाटली.

भाऊंनी जीरूची साखळी सोडली, गोधडी जागेवर अंथरली आणि ‘‘मी आता निघतो जीजी, लसणाचं काम पडलंय’’ म्हणाले. पण वहिनींनी त्यांना पोहे खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही. खाताना सगळे भलत्याच विषयांवर बोलत होते. जीरू सोफ्याखाली शेव चाटत होता. रिकामी पिकअप दुपारी देपालपुरला परत गेली.

आता उन्हाळा लागलाय, रात्री खिडक्या उघड्या असतात. मला अडीचला जाग येते, सवयच झाली आहे. वर साहेबांच्या चपला वाजतात. खिडकीपर्यंत जातात, परत येतात, पलंगापाशी थांबतात. हाक काही येत नाही. ती मारायचं धाडस त्यांना अजून झालेलं नाही. पण चपला थांबल्या, की क्षणभराने वहिनींचा झोपाळू, तरी खणखणीत आवाज ऐकू येतो, ‘‘आहे हो, आहे मी. झोपा आता.’’