मुंगीनं पिळलेला स्क्रू

एका जंगलात वीज आली, आणि विजेच्या मागोमाग वीज वाचवणारेही आले. नाकातलं बोट काढा पोरांनो, आता गिटार येणार आहे.

ती गिटार गबाजी अस्वलाची. तिचा आवाज वाढवायला त्याच्याकडं एक जुना अँप होता. अँपच्या पेटीत दिव्यासारखे दिसणारे काचेचे दोन व्हॉल्व्ह, सख्खे भाऊ. सूर वर चढला की थोरला ढकलायचा, खाली उतरला की धाकटा ओढायचा. एकानं सोडायचा, दुसऱ्यानं धरायचा.

वाघिणीच्या बछड्याचं बारसं ठरलं. पाळणा गबाजीनं वाजवायचा. वाघिणीचा निरोप आला, "बाळ झोपलं तर तुला जेवण. नाही झोपलं तर मला."

तालमीत गबाजीनं आधी दणक्यात नाचाचं वाजवलं. झकास. मग हळूच पाळणा धरला, तर सुरात खर्र. जसा भातात खडा.

"तारा बदल," माकड म्हणालं. बदलल्या. खर्र.

"नखं काप," ससा म्हणाला. कापली. खर्र.

"मोठ्यानं वाजव की," गाढव म्हणालं. "मोठ्यात कुठं ऐकू येतंय?"

"मोठ्यानं वाजवलं तर बाळ झोपंल का, मामा?"

"बाळाचं मला काय विचारतोस? मी आवाजाचं बोलतोय."

शेवटी गबाजीनं पेटीलाच कान लावला आणि तार हळू छेडली.

आतून धाकट्याचा आवाज आला, "दादा, सोडलास का सूर?"

"कधीच सोडला. तू धरला नाहीस?"

"मी निजलो होतो. माझी पाळी कुठं होती?"

"निजायला कुणी सांगितलं रे?" गबाजीनं विचारलं.

"मुंगीबाईंनी. मागचा वीज कमी-जास्त करायचा स्क्रू पिळून गेल्या."

मुंगीबाई म्हंजे जंगलातल्या काटकसरीच्या साहेब. गबाजी धापा टाकत गेला.

"बाई, स्क्रू का पिळलात?"

"ज्याची पाळी नाही, तोही धुगधुगत बसलेला. फुकट वीज खातो."

"पण बाई, रांगेत तुम्ही पुढचीला दाणा देता, तेव्हा ती झोपलेली असते का?"

"छे. हात पुढं करून उभी असते."

"मग उभी असताना काय काम करते?"

मुंगीबाईंनी मिशा पुसल्या. "कोण ती, बघतेच," म्हणाल्या आणि तिला शोधायला गेल्या.

गबाजीनं परत येऊन गुपचूप स्क्रू उलटा पिळला. जरा जास्तच. दोघं भाऊ लालबुंद होऊन "मेलो, मेलो" करायला लागले. मग थोडा मागं घेतला. दोघं अर्धे जागे, अर्धे निवांत. खर्र गेली.

बारशाला पाळणा असा वाजला की बाळ झोपलं. बाळाची आई झोपली. मांडवच्या मांडव घोरायला लागला. गबाजीनं आपला जेवणाचा द्रोण जवळ ओढला.

मुंगीबाई तेवढ्या टक्क जाग्या. एवढी जनावरं रिकामी पडलेली त्यांना बघवेना. त्या थेट वाघिणीच्या कानात शिरल्या आणि कडकडून चावल्या.

"उठा. किती लोळाल? कामाला लागा."

वाघिणीनं डोळे उघडले. सगळा मांडव एकदा नीट बघून घेतला.

"खरंय तुझं," म्हणाली, आणि कामाला लागली.

गबाजी तेवढा निसटला. पेटी काखेत, द्रोण तोंडात. पाळी नव्हती, तरी तो अर्धा जागा होता.

तात्पर्य: आळस वाईटच, बाळांनो. पण तो वाघिणीला आला, तर हळूच पांघरूण घालावं आणि कष्टाळू माणसाला आधी घरी पाठवावं.