वाकळेतला सदरा

सुभेदार नाथाजींनी वाकळेत आपली पँट ओळखली, तेव्हा दानिश समाजमंदिराच्या ओसरीत सकाळचा चहा घेत होता. वाकळ समोरच्या दोरीवर पसरलेली होती. सुभेदार रोजच्यासारखे फेरफटका मारून परतत होते. ते थांबले, जवळ आले, खालच्या कडेचा हिरवा तुकडा त्यांनी दोन बोटांत धरला आणि उलटा करून पाहिला.

"ही माजी पलटणीतली पँट हाय," ते म्हणाले.

दानिशने कप खाली ठेवला. तो माधवनगरचा. चित्रकलेचं शिक्षण संपवून बसला होता. गावात राहायचं आणि गावकऱ्यांबरोबर मिळून एक कलाकृती करायची, असं काम सांगलीच्या एका संस्थेने त्याला दिलं होतं. त्याने सोनजाईवाडीच्या बायकांना जमवून गावाची एक मोठी वाकळ शिवायला घेतली होती. रविवारी ती सांगलीच्या सभागृहात लागायची होती. लागली आणि आवडली, तर संस्था वर्षभराचं काम देणार होती. नाही तर सोमवारपासून मामूच्या बनियनच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरलेलं होतं. मामूने खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती.

चूक म्हणाल तर एवढीच झाली होती. पहिल्या दिवशी दानिशने बायकांना सांगितलं होतं, "घरात जपून ठेवलेलं कापड आणा. ज्याच्यामागे काही गोष्ट आहे असं." त्याच्या डोळ्यांसमोर आजीचा खण, बाळाचं टोपडं असलं काहीबाही होतं. बायकांनी घरी जाऊन प्रामाणिकपणे शोध घेतला. त्यांची स्वतःची लुगडी कधीच पोतेरी होऊन गेली होती. घरात जपून ठेवलेलं जे काही होतं, ते पुरुषांचं होतं. तेच त्यांनी आणलं. पुरुषांना कोणी विचारलं नाही, कारण वाकळ शिवताना पुरुषांना विचारायची पद्धतच त्या गावात नव्हती. जुन्या कपड्यांचं बोचकं बाईच्या ताब्यात असतं आणि त्यात काय टाकायचं तेही तीच ठरवते.

"सुभेदार, तुमच्या घरच्या काकींनी स्वतः आणून दिली," दानिश म्हणाला. "तुम्ही या पँटीत बर्फात पहारा केला होता, ते पण सांगितलं. मी लिहून घेतलंय."

सुभेदार जरा मऊ झाले. "कुटं लावनार ही?"

"सांगलीत. मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर."

"मंग हितं घडी मोडलीया बगा. इस्त्री मारून लावा. पलटणीची इज्जत हाय."

हे प्रकरण इतक्यावर मिटलं असतं. पण सुभेदारांनी चहाच्या टपरीवर जाऊन आपली पँट सांगलीला चालल्याचं अभिमानाने सांगितलं आणि तिथे आप्पासो निकम बसले होते. ते अर्धा चहा टाकून घरी गेले. पेटी उपसली, कपाट उपसलं, आणि घटकाभरात समाजमंदिराच्या पायऱ्या चढून वर आले. सुभेदार पुढचा मजकूर ऐकायला मागोमाग आले.

आप्पासोंच्या पत्नी चंद्राबाई, बायकांच्या म्होरक्या, शेजारच्या हाजराबींबरोबर ओसरीत बसून शिवून झालेल्या वाकळेच्या काठाला शोभेचे टाके घालत होत्या.

"माजा सदरा कुटं हाय?" आप्पासोंनी विचारलं.

"कंचा?"

"कंचा म्हंजे? एकच हाय त्यो."

"त्यो व्हय," चंद्राबाई म्हणाल्या आणि सुईने दाखवलं. "त्यो मधी हाय."

वाकळेच्या बरोबर मध्यभागी आप्पासोंचा आकाशी रेघांचा सदरा पसरला होता. खिसा तसाच ठेवला होता. खिशामुळे कलाकृतीला माणूसपण येतं, असं दानिशचं म्हणणं होतं.

हा सदरा साधा नव्हता. तो घालून आप्पासोंनी गावच्या सोसायटीच्या निवडणुकीचा अर्ज भरला की ते निवडून येत. गेल्या खेपेला सदरा धुवायला गेला होता म्हणून ते सफारी घालून गेले, आणि पडले. मधे एक संचालक मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले, त्यामुळे एक जागा रिकामी झाली होती. त्या जागेसाठी अर्ज भरायचा शेवटचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. समोर तरणाबांड जयराज उभा राहणार होता.

"कात्री आना," आप्पासो म्हणाले.

दानिशने घाईघाईने वाकळेवर दोन्ही हात पसरले. पण चंद्राबाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, "वाकळंला कात्री लागायची न्हाई. धागा कडंला धरून फेरानं मधी आलाय. शेवटची गाठ तुमच्या सदऱ्यावर हाय. ती कापली का समदी शिवण ढिली पडंल. सुभेदारांची पँट बी मोकळी हुईल."

"हुंदे."

"हुंदे कसं?" सुभेदार पुढे आले. "तिनं काश्मीर बगितलंय."

"आवं, दुसरा घाला की," चंद्राबाई म्हणाल्या. "न्हाईतर ह्या खेपंला ऱ्हाऊ द्या. लय झाली की सोसायटी. बसा घरी निवांत."

आप्पासो पायरीवर बसले. "सदऱ्याबिगर मी काय फारम भरत नसतो," ते म्हणाले. "पडन्यापरास घरी बसल्यालं बरं."

"आता कसं शान्यासारकं बोललासा," चंद्राबाई म्हणाल्या आणि पुढचा टाका घातला.

दानिशने इथे गप्प बसायला हवं होतं. पण त्याला आप्पासोंचा स्वभाव एवढ्या दिवसांत कळला होता. घरी बसलेला हा माणूस संध्याकाळपर्यंत कात्री घेऊन परत येणार, अशी त्याची खात्री होती. कलाकृती वाचवायची तर काहीतरी सुचायला हवं होतं, आणि ते सुचलं.

"आप्पा, सदरा वाकळेत आहे ना? मग वाकळच अंगावर घ्या. सदरा आपोआप अंगावर आला."

"स्स," चंद्राबाई म्हणाल्या. सुई बोटात गेली होती.

आप्पासोंनी बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "ह्या उनाचं? वाकळ पांगरून?"

"खांद्यावरून घ्यायची. शालीसारखी."

"लोकं हसतील."

"हसूं देत की," सुभेदार म्हणाले. "ह्याच्यात गावातल्या घराघरातलं कापड हाय. समदं गाव आंगाव घिऊन कोन आलाय आजवर फारम भराय?"

हे आप्पासोंना पटलं. त्यांनी उभं राहून वाकळ अंगावर घेऊन पाहिली. सदऱ्याचा खिसा बरोबर पाठीवर आला, पण सदरा अंगावर असल्याशी मतलब, असं ते म्हणाले. चंद्राबाई बोट तोंडात धरून बसल्या होत्या. हाजराबी त्यांच्याकडे आणि त्या हाजराबींकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप मलकापूरला निघाली. पुढे आप्पासो, मागे मांडीवर वाकळ घेतलेला दानिश. शेजारी चंद्राबाई आणि हाजराबी. "वाकळंची शिवन उसवायला नगं, म्हनून येतो," असं चंद्राबाई म्हणाल्या होत्या, आणि दानिशला त्यांचा फार आधार वाटला होता. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. त्यात सुईदोरा असणार, असं त्याने गृहीत धरलं.

निवडणूक अधिकाऱ्यांचं तात्पुरतं कार्यालय एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. आप्पासो वाकळ पांघरून जिना चढू लागले. वाकळ मोठी, ती मागे पायऱ्यांवर लोळायला लागली, म्हणून दानिशने मागचं टोक उचललं. करवला होऊन तो एकेक पायरी चढत होता. खालचे लोक मोबाइल काढत होते. शिवणीचा एकही टाका अजून निघाला नव्हता, एवढंच दानिश पाहत होता.

वर दारापाशी जयराज अर्ज घेऊन उभा होता. तो आधी मनसोक्त हसला.

"आप्पा, थंडी वाजती काय?"

मग त्याची नजर वाकळेच्या वरच्या कोपऱ्यावर गेली आणि तो हसायचा थांबला. तिथे भगवा पट्टा होता, जरीच्या काठाचा.

"ह्यो आमच्या आबांचा फेटा हाय. कुस्तीचं मैदान मारलं तवाचा. तुमच्याकडं कसा?"

"तुज्या रेश्मानं दिला," आप्पासो म्हणाले. "घरला जाऊन बायकूला इचार."

"तिला इचारीन. पर आमच्या आबांचा फेटा खांद्याव घिऊन तुमी माज्याच इरोधात फारम भरनार? न्हाई जमायचं." जयराजने कोपरा धरला.

"सोड."

"तुमी काडा आंगावनं."

"दादा, ओढू नका," दानिश मागून म्हणाला. "आप्पा, तुम्ही पण ओढू नका. दोघं थोडं थोडं जवळ या. तिच्यावर ताण नको."

दोघे खरोखरच जवळ आले. कारण जयराजने फेट्याचा कोपरा सोडला नाही आणि आप्पासोंनी पाऊल मागे घेतलं नाही. शेवटी जयराज अर्धा वाकळेच्या आत आला. त्याच अवस्थेत दोघांनी कार्यालयात शिरायचा प्रयत्न केला. दाराची एकच फळी उघडत होती. दोन पुरुष आणि एक वाकळ त्यात बरोब्बर अडकली.

"मी आत जाऊन बगते, वाकळ मावंल का," असं म्हणून चंद्राबाई वाकून त्यांच्या कोपराखालून आत गेल्या. त्यांच्यामागून हाजराबीही गेल्या.

"अर्ज तीनच्या आत टेबलावर आला पाहिजे," आतून कारकून म्हणाले. "कोणाचा आहे?"

"माजा," दोघे एकदम म्हणाले.

"मग द्या की."

"खिशात हाय," आप्पासो म्हणाले. "ह्यानं फेटा सोडला का हात घालतो."

"ह्येंनी वाकळ काडली का सोडतो," जयराज म्हणाला. त्याने अर्ज दातात धरला होता, त्यामुळे बोलताना तो वर खाली होत होता.

"वाकळ काडली तर सदरा जाईल."

"मंग बसा तसंच."

दानिश मागे दोन्ही हातांनी वाकळ सैल धरून उभा होता आणि कोणीतरी समजुतीचं बोलावं म्हणून मनातल्या मनात विनवत होता. आतल्या भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. अधिकारी बाईंनी टेबलावरचा कागद उचलून वाचला, शिक्का मारला आणि चष्मा काढला.

"मुदत संपली. या जागेसाठी एकच अर्ज आला आहे."

"कुनाचा?" वाकळेतून दोन आवाज आले.

"चंद्राबाई आप्पासो निकम. सूचक हाजराबी."

दोघांच्या हातांतून वाकळ एकाच वेळी सुटली. दानिश गुडघ्यांवर बसला आणि कडेपासून मध्यापर्यंत त्याने एकेक फेर बोटाने तपासला. एकही टाका तुटला नव्हता. त्याला इतकं हायसं वाटलं, की आपल्या डोक्यावर काय चाललंय ते त्याला बऱ्याच वेळाने ऐकू आलं. तोपर्यंत जयराज जिना उतरून गेला होता आणि आप्पासो बाकावर बसून पाणी पीत होते.

परत येताना आप्पासो पुढच्या सीटवर रस्ता बघत होते. मागे दानिशने हळूच विचारलं, "काकी, सदरा तुम्ही मुद्दाम दिला होता?"

"तूच म्हनालास की, घरात जपल्यालं कापड आना. त्या सदऱ्याएवडं आमच्यात दुसऱ्या कुनाला जपलंय?"

"आणि अर्ज?"

"माज्या नावावर माहेरची जमीन हाय, सोसायटीची सभासद हाय मी. ह्येंच्या फारमाचं कागुद दर बारीला मीच हुडकून देती. म्हनलं, एकदा आपलं बी हुडकावं. सदरा नसला का ह्ये घरात बसतील, भांडान न्हाई का तंटा न्हाई. समदं जुळून आलं हुतं. आन तू सांगितलंस वाकळ पांगराय."

"मला माहीत नव्हतं, काकी."

"तवा लय वाटलं, ही सुई तुलाच टोचावी," चंद्राबाई शांतपणे म्हणाल्या. "पर बोट माजंच मधी आलं."

हाजराबी खिडकीकडे तोंड करून हसत होत्या.

रविवारी सांगलीच्या सभागृहात वाकळ लागली. सुभेदारांनी आधी येऊन आपल्या पँटीची इस्त्री तपासली. संस्थेच्या साक्षी मॅडम वाकळेसमोर खूप वेळ उभ्या राहिल्या आणि वर्षभराचं काम पक्कं असल्याचं दानिशला तिथेच सांगितलं. मग त्यांनी डायरी उघडून विचारलं, "या कामामुळे गावात नेमका काय बदल झाला, ते दोन ओळींत सांगाल का?"

दानिश शब्द जुळवत उभा राहिला. काम मिळालं तर पुढचं गाव कोणतं, ते आधीच ठरलं होतं, आणि तिथले पुरुष आत्तापासूनच पेट्यांना कुलपं लावायला लागल्याचं त्याच्या कानावर आलं होतं.

तेवढ्यात त्याला आप्पासो दिसले. नवा कोरा पांढरा सदरा घालून ते वाकळेच्या मध्यासमोर उभे होते. भोवती सांगलीची पाचसहा मंडळी जमली होती.

"ह्यो मधला सदरा माजा," ते सांगत होते. "लय गुनाचा. आंगावर घिऊन गेलो, का शीट आलीच म्हनून समजा. ह्या खेपंला तर बिनइरोध. मलकापुरात कुनाला बी इचारा."

"म्हणजे तुम्ही संचालक झालात?" एका गृहस्थांनी कौतुकाने विचारलं.

आप्पासोंनी टोपी नीट केली.

"मी न्हाई, आमची मंडळी झाली," ते म्हणाले. "सदऱ्यानं आपलं काम चोख केलं. कुनाच्या नावानं करायचं, त्ये मी सांगायचं ऱ्हाऊन गेलं."