उघड्या डोळ्यांचे याकोब मिस्त्री

प्रार्थना करताना डोळे सताड उघडे ठेवणारा भाविक माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. याकोब मिस्त्री. सिंदीच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी काट्यावर कापूस तोलून घेणारा कारकून होतो आणि मिस्त्री तिथला बॉयलर सांभाळत; त्याच्याच वाफेवर कापसातली सरकी काढणारा जिन चाले. फॅक्टरीच्या मागे आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. गावात ख्रिस्ती घरं मोजून तीन. महिन्यातून एकदा वर्ध्याहून पाळकसाहेब येत आणि मिस्त्रींच्या ओसरीवर उपासना होई. बाकीचे डोळे मिटून माना खाली घालत, आणि मिस्त्री हात जोडून टकमक बघत बसत. एकदा ऐन प्रार्थनेत ते उठले, पाळकसाहेबांच्या पाठीवर चढत असलेला विंचू फडक्यानं उडवला आणि पुन्हा हात जोडून जागेवर बसले. त्या दिवसापासून पाळकसाहेबांनी त्यांना डोळ्यांवरून बोलणं सोडून दिलं.

मी मात्र सोडलं नव्हतं. विचारलं की म्हणत, "बाबूजी, मी डोये मिटले तं काचीतलं पाणी कोण पाहीन?"

बॉयलरला समोरून एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती उरलंय ते तिच्यात दिसतं. पाणी उतरलं आणि कुणाचं लक्ष नसलं, तर बॉयलर फुटतो आणि मग माणसं गोळा करावी लागतात, तीही तुकड्यांनी. मिस्त्रींनी त्या नळीसमोरच्या स्टुलावर वीस वर्षं काढली होती. "पाण्यावर नजर, प्रभूवर भार" हे त्यांचं पालुपद. मॅनेजर ओरडला तरी हेच, चहा निवून गेला तरी हेच. एका लग्नात वाढप्या वरण घेऊन तीनदा पुढे निघून गेला, तेव्हाही हेच म्हणून त्यांनी कोरडाच भात संपवला.

"देवावर भार टाकलाय ना, मग बघत कशाला बसता?" मी डिवचायचो.

"भार टाकला बाबूजी, ड्यूटी थोडीच टाकली? तो का माह्या हाताखाली हाये?"

मी आपला काट्याकडे वळायचो.

पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. कापसाचा ऐन हंगाम. फाटकापासून रेल्वेच्या रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग. नेमकी तेव्हाच माझी सहा वर्षांची कुसुम तापानं पडली. डॉक्टर म्हणाले, "मुदतीचा ताप आहे. एकवीस दिवस काढायचे. एकशेपाचच्या वर गेला तर एक क्षण थांबू नका, मला बोलावणं पाठवा." मी रजा मागितली. मॅनेजर म्हणाला, हंगाम संपल्यावर घ्या. तापाला जसा काही हंगाम कळतो! घरी माझी बायको इंदू एकटी पोरीच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत बसायची आणि मी काट्यावर उभा राहून एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर लिहायचो.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री तेलकट कपड्यांनी तसेच आत आले. हात धुतले, थर्मामीटर उजेडात धरला आणि भुवया वर गेल्या.

"याच्यावर लाल निशाणी काऊन नाई? बिगर निशाणीचं कोणतं मशीन असते?"

त्यांनी इंदूकडून लाल दोरा मागून घेतला आणि एकशेपाचच्या आकड्यावर गाठ मारली. मग खिशातून खडू काढून ताप आमच्या दाराच्या चौकटीवर लिहिला, बॉयलरच्या पाटीवर लिहीत तसा. रोज तीनदा. आठवड्याभरात चौकट आकड्यांनी इतकी भरली, की दारावरून जाणाऱ्या बायका आमच्याकडे मांत्रिक बसवलाय म्हणू लागल्या.

बॉयलरघराची खिडकी आमच्या अंगणावर उघडायची. मिस्त्रींनी इंदूला बजावलं, "वयनी, दोऱ्याच्या वर गेलं का दोरीवर लाल फडकं टाकजा. मी पाहून राह्यतो."

"अहो, तुम्ही नळी बघणार की आमची दोरी?" मी म्हणालो.

"डोये दोन हायेत ना!"

दिवसागणिक पोर वाळत चालली. चौदाव्या दिवशी ताप एकशे साडेचारच्या पुढे, म्हणजे दोऱ्याच्या अगदी खाली येऊन थांबला. ती बरळत होती. मिस्त्री खाटेच्या पायथ्याशी उभे होते, हात जोडलेले, ओठ हलत होते आणि डोळे पोरीवर रोखलेले. पापणी म्हणून हलत नव्हती. माझं डोकं फिरलं.

"मिस्त्री, देवाशी बोलायचं तर माणसासारखे डोळे मिटून बोला! टक लावून काय बघताय? दृष्ट लावता का माझ्या पोरीला?"

इंदूनं तोंडाला पदर लावला. मिस्त्रींनी "पाण्यावर नजर" एवढंच म्हटलं. पुढचं त्यांना म्हणता आलं नाही. चौकटीवर आकडा लिहून ते निघून गेले. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा उंबरा चढत नाही. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर हजर. मला माफी मागायची होती, पण ती काही तोंडातून निघाली नाही.

एकोणिसावा दिवस. टळटळीत दुपार. मी काट्यावर होतो आणि एकाएकी जिन थांबला. हंगामात सकाळपासून चाललेली ती घरघर कानांना इतकी सवयीची झालेली असते, की ती थांबली तरच ऐकू येते. गाडीवाले उठून उभे राहिले. बॉयलरघरातून मिस्त्री अनवाणी धावत बाहेर आले आणि आमच्या घराकडे सुटले. मी तिकडे पाहिलं. आमच्या अंगणातल्या दोरीवर लाल फडकं लटकत होतं.

मी कसा पळालो ते मला आठवत नाही. दारात पोचलो तेव्हा मिस्त्री चौकटीला धरून धापा टाकत होते आणि इंदू आम्हा दोघांकडे वेड्यासारखी बघत होती.

"फडकं," मिस्त्री म्हणाले. "लाल फडकं टाकलं ना तुमी!"

"अगबाई! तो कुसुमचा परकर हो," इंदू म्हणाली. "घामानं पार भिजली होती पोर. कपडे बदलले आणि धुऊन वाळत घातला. माझ्या ध्यानातच नाही राहिलं."

घाम! एकोणीस दिवसांत पोरीला घामाचा थेंब आला नव्हता. मिस्त्रींनी थर्मामीटर लावला आणि मनातल्या मनात आकडे मोजत उभे राहिले. मग उजेडात धरला. पारा नव्व्याण्णववर होता, दोऱ्यापासून कितीतरी खाली. त्यांनी लिहायला खडू काढला आणि चौकटीवर इतका दाबला की खडूच तुटला.

मी हसत होतो की रडत होतो, कोण जाणे. "मिस्त्री, वीस वर्षांत तुम्ही जिन थांबवला नाही हो!"

"वाफ बंद केली, काचीतलं पाणी पाह्यलं, मंगच पळालो," ते म्हणाले आणि खाटेजवळ जमिनीवरच बसले. बाहेर मॅनेजर त्यांच्या नावानं शंख करत होता. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"बाबूजी, तुमी त्या दिवशी डोये मिटाले सांगतलं ना? मिटलते मी एकदा. माही पोरगी रूथ एवढीच होती. तिलेबी हाच ताप. मी उशाशी बसलो, डोये गच्च मिटले अन् प्रार्थना केली. लय लांब केली, मनापासून केली. आमेन म्हणून डोये उघडले, तं ती गेलती. जाताना तिनं माह्याकडं पाह्यलं असन. मी नाई पाह्यलं."

मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. दृष्ट लावता का, असं मी या माणसाला विचारलं होतं. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"ते राहू द्या. एक काम करा. जरा वेळ तुमी तिच्याकडं पाहत राहा. मले प्रभूशी बोलाचं हाये."

आणि याकोब मिस्त्रींनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांचा त्यांचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. फार थकलेला होता तो. मी सांगितल्याप्रमाणे पोरीकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं तिनं कूस बदलली आणि पापण्या उघडल्या.

"पाहून राह्यले ना, बाबूजी?" मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं.

"बघतोय, मिस्त्री," मी म्हणालो. "आणि कुसुम तुमच्याकडे बघतेय."

मिस्त्रींनी आमेन न म्हणताच डोळे उघडले.