हवेला धक्का नको

सोनवणे काकांच्या घरी जायचं तर दार चोरासारखं उघडावं लागतं. जरा जोरात ढकललं की आतून ओरडा येतो, "हवेला धक्का नको!"

काका आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये एकटेच राहतात. अंबडच्या एका गॅस कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दारासमोरच टेबलावर हवेचा तराजू मांडला. एका बाजूला पातळ काचेचा बंद, पोकळ गोळा. दुसऱ्या बाजूला छोटं पितळी वजन. हवा दाट झाली की गोळ्याला उचलून धरते, विरळ झाली की गोळा खाली बसतो. त्याच्यासाठी पंखा कायम बंद. मे महिन्यात मी चहा पिताना निथळत असतो आणि काका गोळ्याकडे बघत असतात.

एकदा मी म्हणालो, "काय जड हवा झालीय आज!"

"हलकी झालीय. गरम, ओलसर हवा हलकी असते. जड तुम्ही झालात, भालेराव."

वर दिलासा म्हणून सांगितलं, की हवा मलाही थोडं उचलून धरते, म्हणजे वजनकाट्यावर दिसतं त्याहून माझं खरं वजन जास्तच आहे. घरी येऊन मी वजनकाटा पलंगाखाली ढकलला.

लोकांच्या अडचणी सोडवायची मला भारी हौस. कुणी सांगितलेलं नसतं, हा भाग वेगळा. काकांच्या वाढदिवसाला मी तराजूसाठी काचेची पेटी करून नेली. ऐटीत तराजूवर झाकणासारखी ठेवली, पंखा फुल्ल लावला. गोळा ढिम्म हलला नाही. मी कौतुकाची वाट बघत उभा.

"छान आहे," काका म्हणाले. मग पंखा बंद करून त्यांनी पेटी हळूच उचलली आणि खाली ठेवली.

"आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली तरी गोळा हलायचा हो. मी चिडलो की मुद्दाम पदर झटकायची. ही गेल्यापासून दिवसभर नुसता स्थिर असतो. तुम्ही आलात की तेवढा हलतो."

मी पेटी उचलून घरी आणली. हल्ली आमच्या चकल्या त्यात असतात, आणि माझं वजन का वाढतंय हे सांगायला तराजू लागत नाही.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकांचं दार धाडकन उघडलं. गोळा वरखाली नाचायला लागला.

"भालेराव! हवेला धक्का नको!" काका ओरडले आणि हसत हसत चहाचं आधण ठेवायला उठले.