थोरवतकाकांची ढाक

थोरवतकाका नमस्काराच्या आधी वजन विचारतात. दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी फ्रीजला टेकून जिन्यात धापा टाकत उभा होतो. वरून पांढरा सदरा-लेंगा घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ उतरले, त्यांनी वैद्यासारखं माझं मनगट धरलं आणि विचारलं, "किलो किती?"

"अठ्ठ्याहत्तर," मी घाबरून सांगून टाकलं.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पोट वजा करून सांगा," ते म्हणाले आणि फ्रीजची दुसरी बाजू एका हाताने उचलून वर चढायला लागले.

वजन विचारण्यामागे त्यांचा हेतू शुद्ध असतो. त्यांना प्रत्येकाची जोड लावायची असते. जत्रेच्या मैदानात तोडीस तोड दोन पैलवान निवडतात, तशी त्यांनी अख्ख्या सोसायटीची कागदावर नसलेली यादी करून ठेवली आहे. आमचे सेक्रेटरी खुराणाजी आणि तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर मुखर्जी यांची जोड त्यांच्या मते बरोबरीची आहे. "खुराणा अंगानं दांडगा हाय, पण दमाला कच्चा. डॉक्टर त्याला फिरवून फिरवून मारतो बघा." ही दोन माणसं पार्किंगवरून भांडायला लागली की काका गॅलरीत खुर्ची घेऊन बसतात आणि शेवटी हातघाई होत नाही म्हणून खिन्न होऊन आत जातात. माझी जोड त्यांना अजून मिळालेली नाही. लावायचीच तर माझ्या बायकोशी लावता येईल, पण ती मैदान मारेल, असं त्यांनी मला तिच्यादेखत सांगितलं आहे.

काका मूळचे सांगलीकडच्या एका खेड्यातले. केंद्र सरकारच्या एका खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून कुस्तीपटूची एक जागा निघाली, तेव्हा सेहेचाळीस वर्षांपूर्वी ते दिल्लीला आले आणि इथलेच झाले. ही जागा त्यांना कशी मिळाली, हे आमच्या सोसायटीत दूधवाल्यालाही पाठ आहे. चाचणीला वीसेक पैलवान आले होते. एकेक गळत गेला आणि शेवटच्या कुस्तीला समोरासमोर उभे राहिले ते एकाच गावचे, एकाच तालमीतले, एकाच ताटात जेवणारे दोघे, यशवंत थोरवत आणि सदा माळी.

"आता गंमत बघा," काका इथे पुढे सरकून बसतात. "तालमीत सदा मला रोज पाडायचा. रोज. पण भई, दिल्लीत त्या दिवशी काय अंगात आलं कुणास ठाऊक. चौथ्या मिनिटाला मी ढाक लावली." असं म्हणून ते समोरच्याचा हात आपल्या बगलेत घेतात, कंबर वळवतात, आणि ऐकणाऱ्याने वेळीच सोफा धरला नाही तर त्याचं काही खरं नसतं. "असा वरून गेला सदा. आसमान दाखवलं त्याला. दुसऱ्या महिन्यात ऑर्डर हातात."

काकूंचं म्हणणं असं की मुलगी बघायला आले तेव्हाही यांनी हीच कुस्ती सांगितली. "त्या ढाकेच्या जोरात माझे वडील खुर्चीवरून पडले," त्या म्हणतात, "आणि तरी मला यांना देऊन टाकलं."

तर हे काका एका रविवारी दुपारी आमच्याकडे आले, कारण त्यांच्या तालुक्यातल्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान नेटवर थेट दाखवणार होते आणि आमचा टीव्ही मोठा. मैदान सुरू व्हायला वेळ होता. माझी बारा वर्षांची मुलगी इरा सध्या जपानच्या नादात आहे. ती काकांना म्हणाली, "आबा, तोवर मी तुम्हाला जपानची कुस्ती दाखवते. एकदम मस्त असते, सच में."

काका मांडी घालून बसले. पडद्यावर धूर निघाला, दिवे लागले, संगीत सुरू झालं आणि पायापर्यंत लोळणारा सोनेरी झगा घातलेला एक दणकट माणूस सावकाश चालत आला.

"नवरदेव हाय का?" काकांनी विचारलं.

"पैलवान आहे, आबा."

"आणि तो तोंड झाकलेला?"

"तो पण."

"चेहरा लपवून कोण कुस्ती करतं? आणि भोवती दोऱ्या कशाला बांधल्यात? गुरं हायत?"

मग झोंबाझोंबी सुरू झाली आणि अर्ध्या मिनिटात झगेवाल्याने तोंडझाक्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवले. काका ताडकन उठले. "चीत! झाली कुस्ती. चला, फेटा बांधा त्याला." पण पंच आडवा होऊन हाताने जमिनीवर थापा मारत तीनपर्यंत मोजायला लागला आणि दोनवर तोंडझाक्या सुटला. काकांना हे झेपेना. आमच्या मातीत पाठ लागली की खेळ खलास, तिथे गणित कसलं? पुढच्या दहा मिनिटांत त्या माणसाची पाठ सात वेळा लागली आणि सातही वेळा काकांनी उठून निकाल जाहीर केला. शेवटी ते पंचावरच घसरले. "हा माणूस पैसे खाऊन बसलाय," ते म्हणाले. "तीनपर्यंत मोजायला एवढा वेळ? आमच्या खात्यात असता तर मी याची फाइल काढली असती."

एक गोष्ट मात्र त्यांना पसंत पडली. ते दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या छातीवर आळीपाळीने सणसणीत चापट्या मारत होते. एकाने मारायची, दुसऱ्याने हलायचं नाही, मग दुसऱ्याचा नंबर. "बघा," काका मला म्हणाले, "जपानी माणूस लाइन तोडत नाही. आपल्याकडे मेट्रोत चढताना हे जमत नाही."

त्यांचा हा उत्साह इराने एका वाक्यात संपवला. "आबा, कौन जीतेगा ते पहले से ठरलेलं असतं."

काका हळूच खाली बसले. "म्हणजे नुरा," ते म्हणाले. नुरा कुस्ती म्हणजे दोघांनी आधी ठरवून केलेली. जत्रेत ती ओळखू आली की लोक मातीची ढेकळं मारून दोघांना हाकलून देतात. काकांच्या शब्दकोशात याहून घाण शिवी नाही. जत्रेचं मैदान न बघताच ते घरी गेले.

मला वाटलं विषय संपला. पण पुढच्या रविवारी काका चष्मा पुसत दारात हजर. "मान कशी मोडत नाही यांची, तेवढंच बघायचंय," ते म्हणाले. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. चौकशी अर्धवट सोडणं त्यांना जमत नाही.

इराने एक फेक हळू गतीने लावली. "आता पाय बघा, आबा. फेकणाऱ्याचे नाही, जो गिरतो त्याचे. तो खुद उडी मारतो. म्हणून तर इतका वर जातो."

काकांनी पाहिलं. खरोखर फेकल्या गेलेल्या माणसाचा एक पाय फरफटतो, माती धरून ठेवतो. इथे दोन्ही पाय एकदम सुटत होते.

"परत लाव," काका म्हणाले.

तिने लावली. त्यांनी पाच वेळा लावायला सांगितली. मग चहा तसाच ठेवून ते निघून गेले.

त्यानंतर आठवडाभर काकांनी कुणालाही वजन विचारलं नाही. वॉचमनने मला थांबवून विचारलं, "साहब, थोरवतजी बीमार हैं क्या?" शनिवारी काकूंचा फोन आला. जेवत नाहीत, बोलत नाहीत, जरा येऊन जा.

काका गॅलरीत बसले होते. खाली खुराणाजी आणि डॉक्टर ऐन रंगात आले होते आणि काकांचं तिकडे लक्षसुद्धा नव्हतं. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "सदाचे दोन्ही पाय सुटले होते."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"बहात्तर किलोचा गडी कापसासारखा आला अंगावर. मला वाटलं, माझी ताकद. सेहेचाळीस वर्षं तेच वाटत होतं. रोज पाडणारा माणूस एकाच दिवशी कसा पडतो, हे मला एकदाही सुचलं नाही. एवढा कसा मी गाढव?" त्यांनी गॅलरीच्या कठड्यावरून हात फिरवला. "हे घर, ही पेन्शन, पोरीचं शिक्षण, सगळं त्या एका ढाकेवर उभं हाय. आणि ती नुरा निघाली. तो तिकडं म्हशी राखतोय आणि मी इथं लोकांना सांगत बसतो, आसमान दाखवलं म्हणून."

"विचारून बघा ना त्यांना," मी म्हणालो.

"आणि हो म्हणाला तर?"

याचं उत्तर काकूंकडे होतं. त्यांनी आतून फोन आणला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि काकांच्या मांडीवर ठेवून दिला.

"कोण, यशवंता? इतक्या दिसांनी?" पलीकडून खणखणीत आवाज आला. मागे म्हैस ओरडत होती.

"सदा, एक विचारायचंय. खरं सांग. दिल्लीत त्या दिवशी तू उडी मारलीस का?"

पलीकडे सदाने आधी म्हशीला हाकललं.

"खुळा का काय तू? ढाक बसली तुझी."

"तुझे दोन्ही पाय सुटले होते."

"आता म्हातारपणी पाय मोजायलास व्हय? बसली म्हणतो ना ढाक. आणि समजा न्हाई बसली. माझी आय आंधळी. तिला टाकून म्या दिल्लीत काय करणार होतो? तुझ्या घरात खाणारी सात तोंडं." मग स्वतःचंच बोलणं लक्षात येऊन ते घाईघाईने म्हणाले, "पण बसली. चांगली बसली."

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.  एवढी मोठी गोष्ट एका माणसाने जन्मभर पोटात ठेवली होती, आणि काका गावी गेले की दरवेळी त्यांच्या तोंडून तीच फुशारकी मान डोलावत ऐकली होती.

"सदा, मी येतो तिकडं," काका म्हणाले. "येत्या आठवड्यात. मातीत उतरू एकदा."

"ये की. पण आता मला पडायला जमायचं न्हाई गड्या. कंबर गेलीया."

काकांनी सदऱ्याच्या बाहीला नाक पुसलं.

"तू कशाला पडतोस? या खेपेला मी पडतो. कसं पडायचं ते टीव्हीवर बघून शिकलोय."